लहानूबाबाचा पहिला घास

आमच्या शिबिरात लहानूबाबा सगळ्यांच्या आधी जेवायचा. चुलीवरून भांडं उतरलं की पहिला घास त्याचा. तो घास सावकाश चावायचा, गिळायचा आणि ऐनाच्या खोडाला पाठ टेकून डोळे मिटून बसायचा. आम्ही चौदा जण पुढ्यात पानं मांडून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचो. समोर दोन दगड होते. झाडाची सावली या दगडावरून त्या दगडावर गेली की तो डोळे उघडायचा.

"जेवा," म्हणायचा. "मेलो नाय."

रानातल्या कंदमुळांपुरतं हे ठीक होतं. पण नाशिकहून आणलेल्या तांदळालाही हाच कायदा. आमच्यातल्या दामूच्या आईने दिवाळीचे अनारसे पाठवले, तेव्हा लहानूबाबाने एक अनारसा उन्हात धरून पाहिला, वास घेतला, खसखस नखाने खरवडली आणि खाऊन मरणाची वाट पाहत बसला. दामू बिचारा रडकुंडीला आला. "अहो बाबा, माझ्या आईने केलेत!"

"आईनं केल्यात म्हनून तर," एवढंच तो बोलला.

हे शिबिर कशासाठी होतं ते सांगतो. कायदेभंगाची दुसरी फेरी चालू होती. पेठच्या वाटेवरचं जंगल सरकारने राखीव केलं होतं. गावाने गवत कापलं तर गुन्हा, काटकी उचलली तर गुन्हा. तो कायदा मोडायला आम्ही रानात महिनाभर राहणार होतो. पोलीस रसद तोडणार हे उघड होतं. मग खायचं काय? आमच्यातले निम्मे भाजीबाजाराच्या पलीकडे कधी गेले नव्हते. म्हणून शिबिरप्रमुख आप्पांनी जवळच्या पाड्यावरच्या लहानूबाबाला शिकवायला आणलं.

पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांच्या काड्यापेट्या काढून घेतल्या. चकमक झाडून सावरीच्या कापसावर ठिणगी धरायला शिकवलं. माझी ठिणगी चार दिवस पडेना. तो शेजारी बसून म्हणायचा, "घाई कोनाला हाय? थंडी तुलाच वाजतीय." झाडांची ओळख तो सोयरिकीने करून द्यायचा. पळस त्याचा साडू. ऐन सासरा, त्याची फांदी विचारल्याशिवाय तोडायची नाही. साग दिसला की थुंकायचा. "हा सरकार," म्हणायचा, आणि भर उन्हातसुद्धा सागाच्या सावलीला उभा राहायचा नाही.

मला तो कागदवाल्या म्हणायचा. मी पत्रकं लिहायचो. नाशकात रात्रीतून भिंतींवर लागायची त्यातली बरीच माझी. एकही पत्रक मी "जुलूम" या शब्दावाचून लिहिलेलं नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तर या पहिल्या घासाचा मला संताप होता. बाकीचे त्याला खादाड म्हणत. खादाड असता तर मी माफ केलं असतं. मला त्यात गुलामगिरी दिसत होती. राजाच्या ताटातलं विष आधी नोकराने चाखायचं, ही कुठली रीत? आम्ही काय संस्थानिक होतो? आम्ही समतेची भाषणं ठोकायची आणि एका म्हाताऱ्याने रोज दोनदा आमच्यासाठी मरून बघायचं! मी दोन पानांचं पत्रक लिहिलं, मथळा दिला "पहिल्या घासाचा जुलूम", आणि सगळ्यांसमोर वाचलं. शेवटची मागणी अशी की ही प्रथा बंद करा, नाहीतर शिक्षक बदला.

आप्पा शांतपणे म्हणाले, "बदलू. मग कंद कुठला आणि विष कुठलं, हे तू सांगणार का?"

"सांगेन की," मी म्हणालो. बारा दिवसांत मी सगळं शिकलो होतो अशी माझी समजूत होती.

लहानूबाबा मागे पळसाची पत्रावळ टोचत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी कडूकंदाची पाळी होती. हा कंद सोलून पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, मग पाटीत भरून वाहत्या ओढ्यात ठेवायच्या. रात्रभरात सगळा कडूपणा, म्हणजेच विष, पाण्याबरोबर जातं. चकत्या ओढ्यात ठेवून लहानूबाबा मध पाहायला वर गेला. मी पाटीजवळ गेलो. आज पहिला घास मी घेणार आणि ही प्रथा मोडणार, असं जाहीर केलं. दामू म्हणाला, "अरे, ते उद्या काढायचंय." मी म्हणालो, "उकडलंय ना? मग झालं." आणि चार चकत्या उभ्या उभ्या खाल्ल्या. कडू लागल्या. सत्याग्रहात कडू लागायचंच, असं वाटलं.

सावली या दगडावरून त्या दगडावर जायच्या आत माझी जीभ सुजली. घशात खाजकुयली चोळावी तसं झालं. मग ओकाऱ्या. मग समोरचा दामू दोन दामू झाला आणि माझे पाय गेले.

लहानूबाबाला मी त्या दिवशी पहिल्यांदा धावताना पाहिलं. त्याने माझ्या घशात बोटं घातली, मिठाचं पाणी ओतलं, पुन्हा बोटं घातली. मग मला पाठीवर घेऊन आपल्या पाड्याकडे निघाला. सगळ्या वाटेत शिव्या देत होता. "बोल कागदवाल्या! वरडतोस ना लय? वरड की आता! डोळं मिटू नको, रांडेच्या!" मी त्याच्या खांद्यावर ओकलो. त्याने पुसलंसुद्धा नाही.

दोन दिवस मी त्याच्या झोपडीत पडून होतो. तो दाराशी बसून असायचा. माझ्याशी बोलायचा नाही. मला जे कळलं ते त्याच्या बायकोकडून, ठकाबाईकडून. ती नागली दळता दळता बोलली, जात्यावरची नजर न हलवता.

"दानाच नव्हता त्या वर्सी. ह्यानं कंद आनला. ओढा राखीवच्या हद्दीत गेलेला. सांजेला रखवालदार आला, लाथ मारून पाटी भाईर फेकली. घरी आनून तीन पान्यांनी धुतला. दोन्ही पोरं दोन दिसांची उपाशी."

जातं फिरत राहिलं.

"आपन पोरांना आधी देतो ना, भाऊ? सगळ्याच घरात देतात. आमीबी दिलं."

"जुलूम" हा शब्द मी तिथे उच्चारूही शकलो नाही. दोन पोरं गेली, त्याबद्दल त्या रखवालदाराला कुणी कधी विचारलं नसेल. पाटी फेकल्याबद्दल त्याला शाबासकीच मिळाली असेल. हे मी आज लिहितोय ते त्याच संतापाने. पण त्या दिवशी मी फक्त त्या फिरणाऱ्या जात्याकडे बघत पडून राहिलो.

तिसऱ्या दिवशी उठून बसलो. लहानूबाबाला म्हणालो, "बाबा, चुकलं माझं. ते पत्रक मी फाडतो."

"कशाला फाडतोस? झ्याक लिवलं होतंस. राग लय होता त्यात." तो दारातून आत सरकला. मग म्हणाला, "माझं एक लिवशील?"

मी कागद काढला, मांडीवर ठेवला आणि सवयीने वर लिहिलं: बंधूंनो!

"काय लिवलंस?"

"बंधूंनो."

"बंधू नको. कंद लिव."

मी बंधू खोडले. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. कंदाची वेल कशी ओळखायची. चकती किती पातळ. तिच्यातून बोट दिसलं पाहिजे. राख कुठल्या लाकडाची. ओढ्याला पाणी कमी असेल तर दोन रात्री. "इथं कोनाला वाचता येत नाय," तो म्हणाला, "पन तुज्यासारखी शानी मानसं रानात येत राहतील. वाचून दाखवतील." मग तो अडखळला. चुलीशी ठकाबाईचे हातही थांबलेले मला दिसले.

"लिव. शिजताना वास सुटतो. पोर मागं लागंल. पदर वढंल. रडंल." त्याने चुलीकडे पाहिलं. "रडू द्यायचं. लिवलंस?"

"लिहिलं."

"वाच."

मी सगळं वाचून दाखवलं. दोघांनी ऐकलं. त्याने मान हलवली, म्हणजे बरोबर होतं.

आता पत्रकाच्या खाली नाव लागतं. आमच्या पत्रकांवर आम्ही खोटी नावं घालायचो, पोलिसांसाठी. मी विचारलं, "खाली कोणाचं नाव घालू, बाबा? तुमचं?"

तो जमिनीवर बोटाने रेघा ओढत राहिला.

चुलीकडून ठकाबाई म्हणाली, "सोनी घाल. आन् गनपा."

मी घातली. अक्षर चांगलं काढून घातली.