गॅरेज रिकामं व्हायला हवं

टेलरबाईंची कापड कापायची कात्री सकाळपासून सापडत नव्हती. ती गॅरेजमध्ये असणार हे लक्षात आलं तेव्हाच त्यांचं डोकं तापलं. गॅरेजमध्ये मिस्टर गाडीखाली आडवे झाले होते. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते.

“अहो, माझी कात्री कुठाय?”

“थांब जरा. पाइप कापून झाला की देतो,” पाय म्हणाले.

“कसला पाइप?”

“रबरी आहे गं. मऊ असतो.”

त्या कात्रीने कुणी साधा कागद कापला तरी टेलरबाई दिवसभर त्याच्याशी बोलत नसत. पण आज अबोला धरायलाही सवड नव्हती. सोमवारी शिलाईची दोन मोठी मशिनं येणार होती. गणवेशांची मोठी ऑर्डर मिळाली होती, मदतीला दोघी जणी ठरल्या होत्या, आणि हा सगळा पसारा मांडायला घरात एकच जागा होती, ती म्हणजे हे गॅरेज. इतकी वर्षं त्यांनी जेवणाच्या टेबलावर शिवणकाम केलं होतं. घास घेण्याआधी त्यात टाचणी नाही ना, हे बघायची घरातल्या सगळ्यांना सवय झाली होती. आता हे संपणार होतं. अट एकच, रविवारपर्यंत गाडी विकली गेली पाहिजे.

खरं तर ती केव्हाच गेली असती. ड्रायव्हरच्या बाजूची काच तेवढी खाली होत नव्हती. “मेकॅनिककडे टाका,” असं टेलरबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. पण मिस्टर पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते आणि दुसऱ्याने केलेलं काम आपण पुन्हा तपासल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. “मेकॅनिक काय वेगळं करतो? स्क्रू काढतो, स्क्रू लावतो,” असं म्हणून त्यांनी दाराचं आतलं आवरण काढलं. काच खाली जायला लागली. मात्र दार आतून उघडेना. ते उघडावं म्हणून हात आणखी आत घातला तर एक वायर तुटली. ती जोडली, तर ब्रेक दाबला की हॉर्न वाजायला लागला. हॉर्न थांबवायला फ्यूज इकडचे तिकडे केले. हॉर्न थांबला नाहीच, वर डावीकडे वळायचा दिवा लावला की वायपर फिरू लागले. शेवटी वाटीभर स्क्रू उरले.

“कंपनीवाले जरा जास्तीचेच लावतात,” मिस्टर शांतपणे म्हणाले.

शनिवारी एक कॅशियर गाडी बघायला आले. माणूस सज्जन होता. टेलरबाई मागे बसल्या, मिस्टर शेजारी. कोपऱ्यावर एक आजीबाई रस्ता ओलांडत होत्या म्हणून कॅशियरनी ब्रेक दाबला. त्याबरोबर हॉर्न असा कोकलला की आजीबाई पिशवी टाकून फुटपाथवर चढल्या आणि तिथून त्यांनी कॅशियरचा उद्धार केला.

“मी वाजवला नाही हो,” कॅशियर रडवेले होऊन म्हणाले.

“ब्रेक हळू दाबायचा. म्हणजे हॉर्न कमी वेळ वाजतो,” मिस्टर म्हणाले.

कॅशियरनी घाईघाईने डावीकडे वळायचा दिवा लावला. लख्ख उन्हात वायपर फिरायला लागले. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि दाराशी झटापट सुरू केली.

“आतून उघडत नाही ते. काच खाली करा, हात बाहेर काढा आणि बाहेरून उघडा. काच कशी झकास खाली जाते बघा आता.”

काच खरोखरच झकास खाली गेली. वर मात्र आली नाही. कॅशियर निघाले ते तिथूनच, पायी.

“त्याला गाडीतलं कळत नाही,” मिस्टर म्हणाले.

रविवारी दुपारी औषधांच्या दुकानाचे मालक आले, बायकोला घेऊन. आता हे शेवटचं गिऱ्हाईक. टेलरबाईंचा जीव टांगणीला लागला होता. केमिस्टनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत डोकं घालून बसले. तिथे बॅटरीला करकचून बांधलेलं पांढरं इलॅस्टिक होतं. ते कुठून आलं हे टेलरबाईंना लगेच कळलं.

“हे तुम्ही स्वतः केलंत?” केमिस्टनी विचारलं.

“स्वतः,” मिस्टर म्हणाले.

“मी आमच्या गाडीला सायकलची ट्यूब बांधली होती. पण इलॅस्टिक म्हणजे... वा.”

टेलरबाईंनी केमिस्टच्या बायकोकडे पाहिलं. ती बाई भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर जुना, मुरलेला वैताग होता.

“तुमच्याकडेही हेच?” टेलरबाईंनी हळूच विचारलं.

“आमचं वॉशिंग मशिन कपडे धुता धुता दारापर्यंत चालत येतं. हे म्हणतात, वाळत घालायला सोपं.”

एवढ्यात केमिस्ट हात पुसत वळले. “गाडी घेतली. एकच विनंती आहे. इथे उजेड चांगला आहे. महिनाभर ती इथेच राहू द्या. रोज संध्याकाळी येईन, दोघं मिळून पहिल्यापासून खोलू.”

“अहो, त्यात विनंती कसली?” मिस्टरांचा चेहरा फुलला.

टेलरबाईंना रडूच यायचं बाकी होतं. उद्या मशिनं यायची होती आणि हे दोघे गाडी खोलायच्या गोष्टी करत होते. त्या काही बोलणार तोच केमिस्टची बायको पुढे झाली.

“गाडी आत्ता आमच्याकडे जाईल. आमच्या दुकानामागे मोठी शेड आहे. आणि भाऊ, तुम्ही तिकडे यायचं, रोज.”

मग ती टेलरबाईंच्या कानाशी लागली. “पाठवाच हो. एकटे असले की हे घरातलं एकेक उघडत सुटतात. दोघं असले की स्क्रू कुठला यावरच वाद घालत बसतील. मिक्सर वाचेल माझा.”

गाडी प्रत्येक वळणावर हॉर्न देत गेली. सोमवारी मशिनं आली आणि गॅरेजमध्ये बसली. ऑफिस सुटलं की मिस्टर परस्पर शेडमध्ये जाऊ लागले, पुढे पुढे जेवूनच परतू लागले. टेलरबाईंच्या घरातलं प्रत्येक उपकरण आता मुकाट्याने चालत होतं.

“मिस्टर हल्ली संध्याकाळी दिसत नाहीत,” ब्लाउजचं माप द्यायला आलेली शेजारीण एकदा म्हणाली.

“गाडीबरोबर देऊन टाकले.”

“अगंबाई. परत कधी यायचे?”

“गाडी दुरुस्त झाली की,” टेलरबाई म्हणाल्या, आणि निश्चिंत मनाने त्यांनी मशिन सुरू केलं.