उशीचा धंदा आणि झोप उडालेली मंडळी

घरबसल्या धंदा कसा वाढवावा, हे मला कुणी शिकवू नये! ज्यांना शिकायचं असेल त्यांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसावं.

माझी बायको उश्या शिवते. आणि अशा तशा नाहीत! मानेला आधार कुठे हवा, खांद्याला जागा कुठे हवी, हे तिच्या बोटांना कळतं. ती एका शिवणाच्या दुकानात नोकरीला होती. मी निवृत्त झालो आणि तिला म्हटलं, "सोड ती नोकरी! तू नुसतं शिव. विकायचं माझ्यावर सोपव."

तिनं सोडली. आणि घर उश्यांनी भरलं! पलंगाखाली उश्या, कपाटावर उश्या. चप्पल शोधायला वाकावं तर वरून धपकन उशी!

"अहो, गिऱ्हाईक कधी येणार?" एके दिवशी तिनं विचारलंच. "दुकानातल्या बाई म्हणत होत्या, परत येतेस का."

"गिऱ्हाईक आपोआप येतं. आधी ऑनलाइन जाळं विणायचं असतं."

"आपण काय कोळी आहोत?"

मी लक्ष दिलं नाही. बागकामवाल्यांच्या फोरमवर गेलो आणि लिहिलं, 'झाडाखाली पडायला उत्तम उशी.' हाकललं! बुद्धिबळवाल्यांच्या फोरमवर लिहिलं, 'पुढची चाल सुचेपर्यंत डोकं टेकायला उशी.' तिथूनही हाकललं! आणि मग, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसा मला एक फोरम सापडला. नाव 'टक्क जागे'. झोप न येणाऱ्यांचा!

नियम एकच. जाहिरात दिसली की हकालपट्टी. नियमावर लक्ष ठेवायला 'पहारेकरी' नावाची कुणी कडक व्यक्ती होती. तेव्हा मी युक्ती केली. 'रातकिडा' असं टोपणनाव घेतलं आणि झोपेविना माझे कसे हाल होतात, ते लिहून काढलं. लिहिता लिहिता माझेच डोळे पाणावले! वास्तविक मी उशीला डोकं टेकायच्या आत झोपतो. कधीकधी तर पलंगापर्यंतही पोचत नाही.

केवढी सहानुभूती! 'तारेमोज्या' नावाच्या बेकरीवाल्यानं तळपायाला तेल चोळायला सांगितलं. 'कूसबदलू' नावाच्या निवृत्त न्यायाधीशांनी धीर दिला. सगळ्यांचा जीव जडल्यावर मी हळूच पुडी सोडली: 'काल बायकोनं शिवलेल्या उशीवर डोकं ठेवलं आणि चक्क झोपलो!'

फोरमवर नुसती झुंबड! 'कुठे मिळेल?' 'आम्हाला बघता येईल?'

मी सगळ्यांना रविवारी दुपारी घरीच बोलावलं. म्हटलं, याला म्हणतात जाळं!

मंडळी आली. डोळे एकेकाचे इतके लाल, की चौकात उभं केलं तर रहदारी थांबावी! पहारेकरी म्हणजे एका शाळेच्या मुख्याध्यापिका निघाल्या. नरम कोच सोडून त्या लाकडी स्टुलावर ताठ बसल्या. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या काकू आपल्या दोन घेऊन आल्या.

"हेच आमचे रातकिडा," बेकरीवाला कौतुकानं म्हणाला. "बिचाऱ्यांना झोपच नव्हती!"

"कुणाला? यांना?" काकू म्हणाल्या. "अहो, हे दुपारी घोरायला लागले की आमच्या भिंतीवरची तसबीर तिरकी होते!"

सगळे लाल डोळे एकदम माझ्याकडे वळले.

"उभे राहा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. मी उभाच होतो. तरी आणखी ताठ झालो.

"तुम्हाला झोप येते?"

"येते."

"कधीपासून?"

"जन्मापासून."

"म्हणजे आमच्या दुखण्यावर तुम्ही धंदा मांडलात," न्यायाधीश शांतपणे म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं!

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, खोटं सांगून बोलावलंत यांना?" एवढंच बोलली आणि आत गेली. तिचा तो चेहरा मला बघवेना. मी हात जोडले. "दोनच मिनिटं माझं ऐका. मग हवं ते बोला!"

आणि मी सुरुवात केली. "उशी या संकल्पनेकडे आपण मुख्यतः तीन अंगांनी पाहू शकतो. त्यातल्या पहिल्या अंगाचे पुन्हा चार उपप्रकार..."

दुसऱ्या उपप्रकाराला बेकरीवाल्याची मान डुलली. पटतंय! तिसऱ्याला न्यायाधीशांची डुलली. मला चेव आला! सगळ्या माना डुलत होत्या! अशी सभा मी जन्मात जिंकली नव्हती!

तेवढ्यात न्यायाधीश घोरले.

बायको चहाचा ट्रे घेऊन आली आणि दारातच थबकली. काकू सोडल्या तर सगळी खोली गाढ झोपलेली! मुख्याध्यापिका तर स्टुलावर, ताठ बसूनच!

"अहो! काय दिलंत यांना?"

"फक्त प्रस्तावना!"

न्यायाधीशांचा फोन वाजत राहिला, पण उचलणार कोण? शेवटी त्यांच्या पत्नीच पत्ता काढून आल्या. "कुठे आहेत हे? काय केलंत त्यांचं?"

मी घाबरत कोपऱ्यात बोट दाखवलं. त्या बघतच राहिल्या. मग खाली बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. "झोपल्यावर यांचा चेहरा कसा दिसतो, ते मी विसरलेच होते हो!"

मी आदरानं गप्प झालो. लगेच न्यायाधीश चुळबुळले.

"थांबलात का?" बाई दबक्या आवाजात माझ्यावर खेकसल्या. "बोला! बोला!"

बोललो! उशी संपली, कापूस संपला. मग मी आमच्या जुन्या कार्यालयातले रजेचे नियम काढले. अर्जित रजेपाशी त्या बाईही भिंतीला टेकल्या. किरकोळ रजेपाशी काकूंचाही डोळा लागला. मी घसा कोरडा पडेपर्यंत बोललो, आणि बायको मला मधूनमधून पाणी पाजत राहिली.

दिवेलागणीला मंडळी जागी झाली. कुणी रागावलं नाही. मुख्याध्यापिकांनी केस सारखे केले आणि म्हणाल्या, "निकाल फोरमवर लावीन."

दुसऱ्या दिवशी निकाल आला. 'उशीची गरज भासली नाही. पण रातकिडा यांचं भाषण अवश्य ऐकावं. याला जाहिरात समजू नये.'

खाली मागण्यांची रांग! सगळ्यांना भाषणाचं रेकॉर्डिंग हवं. उशीबद्दल एक शब्द नाही! माझं तोंड उतरलं. बायकोचं नाही.

"लिहा," ती म्हणाली, "जो उशी घेईल त्यालाच भाषण मिळेल. आणि आधी त्या सगळ्यांची माफी मागा. थोडक्यात!"

आता उश्या पुरत नाहीत. जुन्या दुकानातल्या दोघीजणी तिच्या हाताखाली शिवायला आल्यात. आणि घरात माझ्या आवाजाला भाव आलाय!

रेकॉर्डिंग नीट झालंय का, ते मी तपासलं का म्हणता? रोज बसतो की ऐकायला! पण खरं सांगू? पहिल्या उपप्रकाराच्या पुढे मी काय बोललोय, ते मलाही अजून ठाऊक नाही.