अक्षरी – एकही नाही

आमच्या लॅबमधले देवरेकाका थंडीत बगलेत डबी धरून फिरतात. डबीत काय असतं हे सांगायची मला पहिलं वर्षभर लाज वाटायची. आता नाही वाटत. वीर्य असतं, कुणा परक्या माणसाचं, तपासायला आलेलं. नाशिकच्या जानेवारीत काउंटरवरचा चहा दोन घोटांत गार होतो, आणि काकांना मंडळी गारठलेली चालत नाहीत. मंडळी म्हणजे शुक्राणू. आत ऊब देणारं यंत्र आहे, चांगलं महागाचं. पण काउंटरपासून यंत्रापर्यंतची पंधरा पावलंसुद्धा काका थंडीच्या भरवशावर सोडत नाहीत.

मी काउंटरला असते. नावं लिहून घेते, डब्या देते-घेते. एकदा अंबडहून एकजण डबी मोटरसायकलच्या डिकीत टाकून आला, तोही वाटेत मिसळ खाऊन. काका तावातावाने बाहेर आले. "तासाच्या आत आण म्हटलं होतं ना? स्वतः स्वेटर घालून आलास आणि त्यांना डिकीत टाकलंस!" सगळा हॉल ऐकत होता. त्या बिचाऱ्याने शेवटपर्यंत हेल्मेट काढलं नाही.

डबी आली की काका घड्याळ समोर ठेवून बसतात. वीर्य आधी घट्ट असतं, वीस-तीस मिनिटांत पातळ होतं, मग मंडळींना हलायला वाव मिळतो. तेवढा वेळ काका कुणाशी बोलत नाहीत. मग मायक्रोस्कोपला डोळा लावतात आणि एकदम ओरडतात, "जित्ता शेतस!" काका सटाण्याकडचे. जिवंत आहेत, असं म्हणायचं असतं त्यांना. खुशीत आले की त्यांची अहिराणी बाहेर पडते.

मी डबा खात असताना, मी काही विचारलेलं नसताना, त्यांनी मला सगळं शिकवलं. "लोकांना वाटतं, सगळी करामत त्या शेपटीवाल्यांची. अगं पोरी, ते चिमूटभर. बाकी सगळं पाणी. पण त्या पाण्यात साखर असते, तिच्या जोरावर ते पळतात. पुढची वाट आंबट असते. पाण्याने तो आंबटपणा मारला नाही, तर सगळे दारातच मरतील. शिदोरी आहे ती, शिदोरी!" मी माझ्या डब्याचं झाकण लावलं. त्या दिवशी भाजी तशीच घरी गेली.

डॉक्टरांशी मात्र त्यांचं एका गोष्टीवरून कायमचं वाजलेलं. रिपोर्ट इंग्रजीत छापून येतो. संख्येच्या रकान्यात शून्य आलं, की काका त्याखाली निळ्या पेनाने मराठीत लिहितात, 'अक्षरी – एकही नाही.' चेकवर लिहितात तसं. डॉक्टर चिडतात. काका म्हणतात, "पगार कापा." म्हातारा चळलाय, असं मीही चारचौघांत म्हटलेलं आहे.

यंदा संक्रांतीच्या आधी सिन्नरकडचा एकजण आला. तिशीचा, कंपनीत कामाला. महिन्यापूर्वी एकटाच येऊन तपासून गेला होता. शून्य आलं, तेव्हा काकांनी पुन्हा यायला सांगितलं होतं. घरी त्याने एक अक्षर सांगितलेलं नव्हतं, आणि या वेळी आई आणि बायको सोबत होत्या. मी काही विचारायच्या आत आई म्हणाली, "सहा वर्सं झाली. हिच्या समद्या तपासण्या झाल्या. संक्रांत झाली की माहेरी धाडनार हाय. पोराला दुसरी बघितलीय. हे आपलं हिच्या बापाची खात्री पटावी म्हून." सून शेजारीच बसली होती, पाण्याची बाटली मांडीवर उभी धरून. मला इतका राग आला, की फॉर्मची पिन दोनदा वाकडी गेली.

रिपोर्ट तयार झाल्यावर काकांनी त्याला आत बोलावलं. शिक्का मारायला मी तिथेच होते.

"पाणी बरोबर आहे," काका म्हणाले. "साखर आहे. शिदोरी सगळी बांधलेली आहे बाळा, पण निघायला कुणी नाही. दोनदा बघितलं. कुठे काही अडलंय का, ते मोठ्या डॉक्टरांना बघू दे."

त्याने टेबलावरचा कागद स्वतःकडे फिरवला. मग हळूच म्हणाला, "काका, शून्याआधी एक आकडा टाका ना. घरी लोक तेवढाच बघत्याल. लय उपकार होतील."

काकांनी पेनाचं टोपण काढलं. आता ओरडणार, असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत.

"मी टाकला होता. सहा. शून्याआधी सहा काढला, साठ झाले. माझाच रिपोर्ट, मीच तपासलेला. घरी नेऊन आईला दाखवला. पुढे सव्वीस वर्षं बायकोने उपास केले. शेजारच्या सुनेची ओटी भरायला गेली, तर त्या घरच्यांनी हिच्या हातातला नारळ काढून घेतला. माझ्यासमोर. मी गप्प. चार वर्षांपूर्वी गेली. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, तुम्ही दुसरी केली नाही, तुमचे उपकार आहेत."

त्यांनी शून्याखाली नेहमीसारखं निळ्या पेनाने लिहिलं आणि कागद त्याच्या हातात दिला.

मी काउंटरला परत आले. तो बाकापाशी जाऊन उभा राहिला. आईने कागद ओढून घेतला, उलटा-सुलटा केला. इंग्रजी तिला कळेना. मग खालच्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवून तिने वाचलं, "एक-ही ना-ही." आणि सुनेकडे बघितलं. "हिचंच ना?"

सुनेने बाटलीचं झाकण उघडलं, पाणी न पिता परत लावलं.

"नाय," तो म्हणाला. "माझं."

तेवढ्यात दुसऱ्या कुणाची तरी डबी आली. ती घ्यायला काका दारात आले. बाकावरचं त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

"काय म्हणाला तो?"

"माझं, म्हणाला."

"आणि?"

"एवढंच."

काकांनी डबी बगलेत धरली. पण आत गेले नाहीत. घड्याळ चालू झालं होतं, तरी ते त्या बाकाकडे बघत उभे राहिले.

"एवढंच म्हणायचं होतं होय," ते म्हणाले.