चौदा पायऱ्यांवरून पाठवलेली नोटीस

कायद्यानं चालणाऱ्या माणसाला कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही, असं अमृत गाडेकरनं बायकोला बजावून सांगितलं. मोबाईलवर कुणी वकीलबाई भाडेकरूंचे हक्क समजावत होत्या आणि तो व्हिडिओ त्यानं तीनदा पाहिला होता.

"तोंडी मागणं बंद," तो म्हणाला. "आता सगळं लेखी."

प्रकरण तसं साधं होतं. संगमनेरच्या एका डेअरीत कारकून असलेल्या अमृतची राहात्याला बदली झाली होती. तिथं ऑफिसच्या मागंच मनासारखी जागा मिळत होती, पण तिथल्या मालकाला शुक्रवारपर्यंत तीस हजार डिपॉझिट हवं होतं. बरोबर तेवढंच डिपॉझिट इथल्या घरमालकीण रंगुमावशींकडे चार वर्षं पडून होतं. अमृत महिनाभर मागत होता. मावशी म्हणायच्या, "देते की. पळून चालले का मी?" आणि चहा टाकायच्या. असे नऊ चहा झाले, पैसे काही वर आले नाहीत.

"अहो, खाली जाऊन एकदा नीट बोला ना," रुपाली म्हणाली. "चौदा पायऱ्या तर आहेत."

पण साहेब आता ऐकतात कशाला! ऑफिसात थकबाकीदारांना पत्रं लिहून लिहून त्याचा हात बसलेला. दीड पान नोटीस झाली. 'आपण हेतुपुरस्सर टाळाटाळ करीत आहात', 'आपली वर्तणूक अप्रामाणिकपणाची आहे', 'रोजच्या वापरानं झालेल्या झिजेपोटी एक रुपयाही कापता येणार नाही'. सोमवारी त्यानं ती स्पीड पोस्टानं पाठवली. वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर यायला तिला दोन दिवस लागले.

या सगळ्यात एक गोष्ट तो विसरला होता. रंगुमावशींना वाचता येत नव्हतं. चार वर्षं त्यांचं लाईट बिल, पतसंस्थेचे कागद, नातवाच्या लग्नाची पत्रिका, सगळं अमृतच वाचून दाखवत होता.

बुधवारी संध्याकाळी मावशी गुडघे धरत वर आल्या, खुर्चीत टेकल्या आणि पाकीट पुढं केलं. "बघ बरं, काय आलंय."

अमृतनं पाकीट फोडलं.

"काही नाही मावशी. डिपॉझिटबद्दल आहे."

"दीड पान हाय की रं. सगळं वाच."

त्यानं वाचलं. 'अप्रामाणिकपणाची' पाशी आवाज असा खाली गेला, की मावशींनी तेवढं पुन्हा वाचायला लावलं. खालचं नाव मात्र त्यानं गिळलं.

"धाडलंय कोनी? वाल्मिकनं आसंल," मावशी म्हणाल्या. वाल्मिक म्हणजे तळमजल्याच्या पुढच्या खोलीत भाड्यानं दुकान थाटलेला शिंपी, गरीब माणूस. अमृत हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तेवढा भित्रेपणा त्यानं केला.

"मंग घे कागद. उत्तर लिही. तुझ्यावानी कोन लिवनार?"

अमृत लिहायला बसला.

"लिही. भिंतीला अकरा खिळे ठोकले."

त्यानं लिहिलं.

"मोरीचा नळ वाकडा केला. गच्चीवर कुरडया घालून सगळी गच्ची चिकट केली."

स्वयंपाकघरात रुपालीच्या हातातलं लाटणं थांबलं.

"आन वट्याची फरशी फोडली, नारळ आपटून."

अमृतचं पेन थांबलं. "मावशी, वाल्मिकच्या दुकानात स्वयंपाकाचा ओटा कुठाय?"

"न्हाई ना? मलाबी तेच वाटलं." मावशींनी पदर सारखा केला. "मला न्हाई येत वाचता, पन पोस्टमनला येतं. आन्‌ तुझे पैशे पतसंस्थेत ठिवल्याले. मुदत काल सरली, उद्या आनून देनार हुते. मधी मोडले आसते तर याज गेलं आसतं. नुसते पैशे मागितलेस; का थांबले ते चौदा पायऱ्या उतरून इच्यारलं आसतंस, तर सांगितलं नसतं का? लई लागलं मला, अमृत."

अमृतला मान वर करवेना. "चुकलं मावशी. नोटीस मागं घेतो. फाडून टाका ती."

"फाडू कशी? अंगठा देऊन घेतलीया. मागं घ्यायची तर तशीच घे. लेखी. पोस्टानं."

"पण मला शुक्रवारी—"

"तवर माझ्यावर नोटीस हाय. नोटीस आसताना म्या पैशे दिले, तर लोक म्हनतील म्हातारी लबाड हुती, भिऊन दिले."

गुरुवारी पोस्ट उघडायच्या आधीच अमृत दारात उभा होता. शुक्रवारी राहात्याच्या मालकाला त्यानं चार फोन केले. चौथ्या फोनला मालक म्हणाले, जागा सकाळीच एका मास्तरांना दिली.

शनिवारी मावशी पाकीट घेऊन वर आल्या, त्याच खुर्चीत टेकल्या. "वाच."

या वेळी त्यानं सगळं वाचलं, खालच्या नावासकट. मावशींनी कमरेची पिशवी सोडली आणि तीस हजार त्याच्या हातावर ठेवले. ओट्याच्या फरशीपोटीसुद्धा एक रुपया कापला नाही.

अमृतनं नोटा मोजल्या. बरोबर भरल्या. मग त्यानं त्या सगळ्या मावशींना परत दिल्या.

"आता हे काय?"

"डिपॉझिट," तो म्हणाला. "राहायला जागा नको का आम्हाला?"