पाच चुकांचं कुलूप

कुलूप असावं तर असं, की चोराला हात लावल्याचा पस्तावा व्हावा! त्या रविवारी सौंसरला मी बाबांना हे मोठ्या ऐटीत सांगितलं.

बाबा म्हणजे मधुकर मेकॅनिक. बसस्टँडजवळ त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. भंगारातले दोन मेलेले लॅपटॉप उघडून त्यांनी एक जिवंत केला होता. पडदा एकाचा, पोट दुसऱ्याचं आणि कळांवर स्वतः कापून चिकटवलेली मराठी अक्षरं. सूट उसना, दातही उसने अशा थोराड नवरदेवासारखा दिसायचा! तो जवळच्या रामाकोना गावच्या बुद्धविहारातल्या वाचनालयाला देईन, असा त्यांनी शब्द दिला होता.

"चोरीला गेला म्हणजे?" मी म्हटलं आणि नागपूरच्या कॉलेजात ग्रंथपाल असल्याच्या अधिकाराने त्यात चोरकुलूप बसवलं. पासवर्ड चुकला की भोंगा! पाचदा चुकला की आतला बोर्ड कायमचा बंद!

"म्हंजे चोरालेबी नाई अन् मेकॅनिकलेबी नाई?" बाबा म्हणाले. "अवं, जे उघडत नाई थे आपलं कसं?"

"जमाना बदलला, बाबा."

"बरं माय." पण भोंग्याच्या जागी त्यांनी स्वतःचा आवाज भरला आणि हाताआड पासवर्ड टाकला. "तुलेबी नाई सांगत. कुलूप म्हंजे कुलूप!"

मी निघाले तेव्हा ते काहीतरी सांगायला लागले होते. बस सुटत होती. मी नेहमीचंच बोलले आणि पळाले.

गुरुवारी बाबा गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी रामाकोन्याचा विहार भरला होता. वंदना झाली. दादाराव काका, वाचनालयाचे अध्यक्ष, माईकवर म्हणाले, "मधुकरभाऊनं शब्द देल्ला होता. सुचिता, चालू करून दाखव पोरायले!"

पासवर्ड मला माहीत नव्हता. पण इतकी पुस्तकं वाचलेल्या मुलीला बापाचं मन वाचता येणार नाही? मी आईचं नाव टाकलं.

"कोन हाय बे?" लॅपटॉप गरजला. "ठेव खाली! चोट्टा कुठला!"

तो बाबांचा आवाज होता! दादाराव काकांनी हातातलं फूल खाली ठेवलं. मागच्या रांगेतली एक आजी हात जोडून उभी राहिली. कोणीतरी चप्पल शोधू लागलं.

मी घाईने दुकानाचं नाव टाकलं.

"कोन हाय बे?"

मग माझं.

"चोट्टा कुठला!"

"अवं, बापाच्या शिव्या खाऊन राहिली न तू सगळ्यायसमोर!" आई पुटपुटली.

बाबांच्या हाताखाली तयार झालेला विनोद मेकॅनिक तोवर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावून बसला होता. पलीकडून बाई गोड आवाजात म्हणाल्या, "मालकाला घेऊन या."

"थे वारले, मॅडम."

"मग त्यांची सही आणा."

विनोदने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, दोन संधी राहिल्या. बोर्ड बसला तं हा भंगारच. असा बोर्ड आता भेटतबी नाई."

तेवढ्यात पडद्यावर एक ओळ उगवली. विनोदने ती मोठ्याने वाचलीही! "खूण: सुचिता फोन ठेवताना काय म्हनते?"

अख्खा विहार माझ्याकडे वळला.

"जयभीम बाबा, काळजी घ्या," मी बाणेदारपणे म्हटलं आणि तेच टाकलं.

"ठेव खाली! चोट्टा कुठला!"

आता एकच संधी. पुढे बसलेली पोरं माना उंचावून पाहत होती. त्यांनी लॅपटॉप ठेवायला टेबलावर हिरवं कापड घातलं होतं.

आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. "बाई, खरं सांग. काय म्हनत होतीस?"

मी हळूच एकेक अक्षर दाबलं: 'नंतर बोलू.'

लॅपटॉप उघडला! टाळ्या पडल्या. "पाहा, किती हुशार पोरगी!" दादाराव काका माईकवर म्हणाले. मी पदराने चष्मा पुसत राहिले. तो स्वच्छच होता.

"ताई, हे कुलूप काहाडून टाकू न?" विनोदने विचारलं. "पोरं दहादा चुकतीन. अन् उद्या बिघडलं तं मले उघडता आलं पायजे."

"काढायलाच हवं. बाबांचंही तेच म्हणणं होतं."

"पन आवाजबी जाईन, ताई."

लोक जेवायला उठले. मी विनोदला म्हटलं, "दोन मिनिटं थांब." एकदा उघडल्यावर चुका पुन्हा पहिल्यापासून मोजल्या जात होत्या. लॅपटॉप पुन्हा बंद केला, चालू केला आणि मुद्दाम चुकीचं अक्षर दाबलं.

"कोन हाय बे?"

"मी आहे, बाबा. सुचिता. बोला, मला वेळ आहे."