फौजदारकाकांचा आरोपी

फौजदारकाकांच्या साइडकारमध्ये रोज सकाळी उदबत्त्या पेटलेल्या असत. लोणावळ्यात हवा खायला आलेली मंडळी समजत, गाडीची पूजा चालली आहे, आणि हात जोडून पुढे जात. खरं म्हणजे काका मोटारसायकल वाऱ्याच्या तोंडाला उभी करून धूर कुठे वळतो ते पाहत असत.

"डावीकडून घुसतोय," ते दात खाऊन म्हणत. "आरोपी सराईत आहे."

आरोपी म्हणजे वारा.

काका आमच्या शेजारच्या बंगलीत राहत. सारा जन्म पोलिसात गेला. पेन्शनीत चोर मिळेनात, म्हणून त्यांनी वारा धरला, असं माझे वडील म्हणत. पण खरं कारण आळीला ठाऊक होतं. काकांना आपल्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, कामशेतच्या पुढे वडिवळ्याला मामाच्या घरी न्यायचं होतं. लहानपणी आक्का तिथल्या भातखाचरांत खेळल्या होत्या. विधवा झाल्यावर पुन्हा गेल्याच नाहीत. काकांनी त्यासाठी मोटारसायकल घेतली, बाजूला साइडकार जोडली, आणि पहिल्याच दिवशी आक्का बाजाराच्या वळणावर उतरून चालत घरी आल्या. पुन्हा बसेनात.

"म्हातारी वेगाला भ्याली," लोक म्हणाले.

"दोषी वारा आहे," काका म्हणाले, आणि तपास सुरू झाला.

आधी त्यांनी साइडकारच्या तोंडाशी सूप बांधलं. ते उडालं. मग छत्री उघडून बसवली. ती खंडाळ्याच्या बाजूला उलटी झाली आणि गाडीला घेऊन रस्ता सोडायला निघाली. रोज दूध घालायला येणारा रानू कासंडी खाली ठेवून विचारी,

"काका, आज काय उडालं?"

"छत्री."

"आन् टोपी?"

"टोपी घरी आहे."

"न्हाई, इचारलं आपलं. वलवणच्या तळ्यावर एक म्हस कायतरी काळं चघळत हुती. टोपीवानी दिसलं."

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतून घरी आले होते. मराठीत उत्तर द्यायचं तर मला आधी मनात वाक्य जुळवावं लागे, म्हणून मी बहुधा गप्पच असे. काकांना नेमका तोच गुण भावला.

"कमी बोलणारा साक्षीदार उलटत नाही. बस, पोरी. मात्र पदर डोक्यावरून घे. कपाळापर्यंत."

मला राग आला. गाडी विलायती आणि विचार पेशव्यांच्या काळातले! पण रागाचंही वाक्य जुळेना. मी पदर घेतला आणि बसले.

त्या दिवशी साइडकारला सेल्युलॉइडचं उंच तावदान होतं, बिजागऱ्यांवर बसवलेलं. गाडी सुटली. तोंडावर झुळूकही नव्हती. पण पाठीमागून डोक्यावर अशा थपडा बसू लागल्या, की रांगेत टपल्या मारणारी आमची मास्तरीण परवडली. पदर उडून मानेवर आला. काकांनी गाडी थांबवली आणि जबानी सुरू केली.

"समोरून आला?"

"नाही."

"मग?"

"मागून."

"मागून!" त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे आपण वेशीवर नाकाबंदी करतोय, आणि हा परसदारानं आत!"

तावदान आणखी उंच झालं. थपडा आणखी वाढल्या. मग एकदा वलवणच्या रस्त्याला नट सैल होऊन तावदान जरा वर सरकलं. खाली चांगली पंजाभर फट पडली. गुडघ्यांना गार वारा लागला आणि डोक्यावरचा पदर एकदम शहाण्यासारखा बसून राहिला.

"खालून थोडा येतोय," मी ओरडले. "मागून येत नाही!"

काकांनी गाडी बाजूला घेतली आणि फटीकडे पाहत राहिले. "त्याला थोडं घरात घेतलं की दंगा करत नाही म्हणायचा," ते म्हणाले. "नोकरीत मी नेमकं उलटं केलं."

मला धीर आला. "काका, पदराला पिन लावली असती तर?"

"आक्काला म्हटलं होतं. म्हणाली, बांधून न्यायला मी काय बोचकं आहे?" ते फट तशीच ठेवून नट आवळू लागले. घट्ट बसला, तरी आवळत राहिले. "त्या दिवशी भर बाजारात पदर उडाला तिचा. लहानपणापासून डोक्यावर केस ठेवू दिले नाहीत गं तिच्या. सगळे बघत होते. आणि लोकांनी आमची गाडी बघावी म्हणून मी पुढं भोंगा वाजवत होतो."

मी पदर सारखा केला. आता राग नव्हता.

सुट्टी संपायच्या आत आक्का साइडकारमध्ये बसल्या. लाल आलवण, पदर कपाळापर्यंत. मी काकांच्या मागे बसले.

"बंडू," आक्का म्हणाल्या. आमच्या फौजदारांचं नाव बंडू होतं, हे मला तेव्हा कळलं. "भोंगा वाजवायचा नाही."

"नाही, आक्का."

बाजाराच्या वळणावर काकांची मान ताठ झाली. ते एका डोळ्याने रस्ता आणि एका डोळ्याने पदर पाहत होते. गाडी कशी सरळ गेली, देव जाणे. पदर हलला नाही. दुकानदारांनी पाहिलं आणि काहीच दिसलं नाही म्हणून पुन्हा तराजूकडे वळले.

कामशेत मागे पडलं. दोन्ही बाजूंना पिवळं भात, त्यात बगळे; रस्त्यावर मात्र चिटपाखरू नाही.

"बंडू, ती काच पाड खाली."

"अगं, किती खटपटीनं—"

"पाड म्हणते ना."

काकांनी गाडी थांबवून तावदान आडवं केलं. "आरोपीला जामीन," ते पुटपुटले. गाडी सुटली. आक्कांनी स्वतःच्या हातांनी पदर खांद्यावर घेतला, आणि पांढऱ्या खुंटांच्या त्या डोक्यावरून वारा सरसरत गेला. त्यांनी डोळे मिटले होते. मी डोंगराकडे पाहू लागले.

"आता वाजव तुझा भोंगा," आक्का म्हणाल्या.

काकांनी वाजवला. पार वडिवळ्यापर्यंत वाजवला.

दुसऱ्या सकाळी रानूने कासंडी खाली ठेवली.

"काका, काल काय उडालं?"

"बगळे," काका म्हणाले.