मसुदेकरांचा डावा हात

घड्याळासारखं दिसणारं, पण वेळ न दाखवणारं ते यंत्र सकाळी मसुदेकरांच्या मनगटावर बांधलं गेलं. संध्याकाळी त्यांनी ते काढून बायकोच्या मनगटावर बांधलं, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

मसुदेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव पेन्शनच्या कागदांवर सुखरूप आहे. कार्यालयातल्या सगळ्या पत्रांचे मसुदे तेच सांगायचे, म्हणून कोणीतरी हे नाव ठेवलं आणि निवृत्तीनंतर ते त्यांच्याबरोबर घरी आलं. त्यांच्या पत्नी त्याच कार्यालयात टंकलेखिका होत्या. त्यांना सगळे टाइपबाई म्हणत. मसुदेकरांनी उभ्याने मजकूर सांगायचा आणि टाइपबाईंनी तो टाइपरायटरवर उतरवायचा, अशी ही जोडी आधी कामापुरती जमली आणि मग कायमची. त्या जमण्याच्या दिवसांत टाइपबाईंना मजकूर सांगायला मिळावा म्हणून मसुदेकरांनी जिन्यातल्या एका बल्बसाठी समोरच्या कार्यालयाला स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रं धाडली होती. बल्ब केव्हाच बदलला गेला, पत्रं चालूच राहिली. शेवटी समोरच्या कार्यालयाने 'आपणास नेमके काय हवे आहे?' अशी लेखी विचारणा केली, तेव्हा कुठे मसुदेकरांनी धीर करून टाइपबाईंना लग्नाचं विचारलं. काय दिवस होते ते! आता तो टाइपरायटर नाही, ते कार्यालयही नव्या इमारतीत गेलं आणि तिथे म्हणे सगळे आपापला मजकूर आपणच बडवतात.

यंत्राची कल्पना मुलाची. मेंदूच्या विकारांवर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात कंपवाताचा अभ्यास चालू होता. हा आजार डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी हाताच्या बारीक हालचालींतून त्याची चाहूल लागते का, हे तिथली मंडळी शोधत होती. त्यासाठी त्यांना रुग्ण हवे होते, तशीच तुलनेला निरोगी म्हातारी माणसंही हवी होती.

"बाबा, तुमच्याइतकं ठणठणीत कोण आहे?" असं म्हणून मुलाने वडलांचं नाव देऊन टाकलं.

ठणठणीत म्हटल्यावर माणूस नाही कसं म्हणणार? मसुदेकर हसले, पण हातातलं वर्तमानपत्र त्यांनी हळूच खाली ठेवलं. कारण गेले काही महिने त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा त्यांचं ऐकत नव्हता. वर्तमानपत्र हातात धरलं की पंखा बंद असतानाही त्याचं टोक फडफडायचं. त्यांच्या थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. आधी सदऱ्याचं बटण लागेना, मग सही होईना, आणि शेवटी शेवटी दादाला पाणीसुद्धा दुसऱ्याने पाजावं लागायचं. मसुदेकरांनी ते सगळं जवळून पाहिलं होतं. त्यामुळे आपल्या अंगठ्याबद्दल त्यांनी कोणापाशी चकार शब्द काढला नव्हता. डावा हात ते खिशात ठेवत. सुनेला वाटे, सासरे या वयात ऐट करू लागलेत.

आता हे यंत्र त्यांची चुगली करणार होतं. घरात निर्धास्त भरवसा टाकावा असा हात एकच होता, टाइपबाईंचा. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवणारा, भरलेलं पातेलं थेंब न सांडता उतरवणारा.

"अगं, हे जरा तू घाल. पट्ट्याने मला खाज सुटते."

"आणि मला नाही सुटणार?"

"तुझी कातडी..." मसुदेकर अडखळले. "तुझी कातडी समंजस आहे."

टाइपबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि डावा हात पुढे केला.

आठवड्याने यंत्र केंद्रात गेलं आणि दुसऱ्याच दिवशी मुलगा आणि सून दारात हजर झाले. मुलाचा चेहरा उतरला होता. सुनेच्या हातात पिशव्या होत्या.

"बाबा, केंद्रातून फोन होता," मुलगा म्हणाला. "तुमचा डावा हात दिवसभर हलतोय म्हणतात. एवढी हालचाल त्यांनी रुग्णांतसुद्धा पाहिली नाही."

मसुदेकर बोलायला गेले आणि थांबले. 'यंत्र माझ्या हातात नव्हतंच' म्हणावं, तर ते आत्ताच्या आत्ता त्यांच्या हातात बांधलं जाणार होतं. मुलाने खुंटीवरची स्कूटरची चावी खिशात टाकली. सुनेने काचेचे कप काढून स्टीलचे पेले मांडले, दाढीचं पातं केराच्या डब्यात टाकलं आणि सुताराला बोलावून न्हाणीघरात धरायला एक लोखंडी दांडा बसवून घेतला. तो नेमका त्यांच्या डोक्याच्या उंचीवर बसला. पहिल्याच आंघोळीला त्यांना टेंगूळ आलं आणि सुनेने लगेच निदान केलं, "बघा, तोलसुद्धा जातोय!"

केंद्राला मात्र शंका होती की यंत्रच बिघडलं असावं. त्यांनी नवं यंत्र पाठवलं. मुलगा घरी गेल्यागेल्या मसुदेकरांनी तेही टाइपबाईंच्या हातात बांधलं.

"अगं, तू दिवसभर हाताने करतेस तरी काय? भांडी आपटतेस का?"

"मी काय आपटू? पेले स्टीलचे झालेत, आपोआप आपटतात."

"मग या खेपेला हात अजिबात हलवायचा नाही. तू बसून राहा, कामं मी करतो."

त्या आठवड्यात मसुदेकरांनी केर काढला, भाजी चिरली, कपडे वाळत घातले. टाइपबाई खुर्चीत महाराणीसारख्या बसून होत्या, हात खुर्चीच्या दांड्यावर. त्यांना कंटाळा येऊन त्या उठू नयेत म्हणून मसुदेकर कामं करता करता अखंड बोलत राहिले. कार्यालयातल्या जुन्या गोष्टी काढल्या, जिन्यातला बल्ब काढला. बोटाला चटणी लागू नये म्हणून कागदाची पुरचुंडी करून डबा खाणारे साहेब काढले, आणि सारखे बदलीचे अर्ज करून शेवटी निवृत्तीच्या दिवशी बदली मिळवलेले रोखपाल काढले. टाइपबाई ऐकत होत्या, मधूनच हसत होत्या. कितीतरी दिवसांनी घरात इतकं हसू झालं होतं. आता आलेख सरळ रेषेत येणार, अशी मसुदेकरांची खात्री पटली.

आलेख दुपटीने वाईट आला.

या खेपेला केंद्राने फोनवर भागवलं नाही. सगळ्या कुटुंबालाच बोलावलं. तिथल्या खोलीत अभ्यास चालवणाऱ्या तरुण डॉक्टरबाई होत्या, त्यांचे वरिष्ठ म्हणजे मोठे डॉक्टर होते, शिवाय आणखी चारदोन जण कुतूहलाने येऊन बसले होते. मोठ्या डॉक्टरांनी मसुदेकरांनी घाईने पुढे केलेला उजवा हात असा काही आदराने हातात घेतला, की मसुदेकरांना आपण गेल्यासारखंच वाटलं.

"काका, घाबरू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण असा कंप आजवर कोणी नोंदवलेला आम्हाला आढळला नाही. हा बहुधा नवाच प्रकार आहे."

"नवा प्रकार!" मोठे डॉक्टर न राहवून म्हणाले. "पुढच्या महिन्यात परिषदेत मी यावरच बोलणार आहे. विषय कळवूनसुद्धा झालाय."

सुनेने डोळ्यांना रुमाल लावला. डॉक्टरबाईंनी भिंतीवरच्या पडद्यावर आलेख लावला आणि काठीने दाखवू लागल्या. "हे बघा. बारीक बारीक हालचाली, एकसारख्या. मग अचानक डावीकडून उजवीकडे एक मोठा झटका. पुन्हा बारीक हालचाली, पुन्हा झटका. दुपारी जेवणानंतर दोन तास सगळं शांत. मग चहाच्या सुमाराला परत सुरू."

मसुदेकर पडद्याकडे बघत राहिले. टिकटिक टिकटिक टिकटिक, आणि झटका. त्यांना कानात घंटी ऐकू आली. ओळ संपत आली की टाइपरायटरची वाजायची ती बारीक, गोड घंटी. मग डाव्या हाताने दांडी धरून गाडी सर्रकन उजवीकडे ढकलायची, की नवी ओळ सुरू. शाईच्या फितीचा वास, खिडकीतून येणारं ऊन, आणि मानेवर आलेली बट न सावरता पुढच्या शब्दासाठी थांबलेली एक मुलगी.

"हा आजार नाही," ते उठून म्हणाले. "हे टायपिंग आहे."

मसुदेकर बायकोकडे वळले आणि कार्यालयातल्या खड्या आवाजात म्हणाले, "प्रति, माननीय संचालक. विषय, निरोगी व्यक्तीस विनाकारण आजारी ठरविल्याबाबत."

टाइपबाईंची बोटं मांडीवरच्या पर्सवर टपटपू लागली. 'ठरविल्याबाबत' झालं आणि डावा हात हवेत उठून सर्रकन उजवीकडे गेला. मोठ्या डॉक्टरांचा चष्मा त्या हाताच्या तडाख्यातून थोडक्यात वाचला.

"अगंबाई!" टाइपबाई स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाल्या. "हे मी करते?"

"म्हणजे बाबा बोलले की आईचा हात चालतो," मुलगा हळूहळू म्हणाला. "दुपारी शांत, कारण बाबा झोपलेले असतात. अहो, हा आजाराचा नाही, बाबांच्या बडबडीचा आलेख आहे!"

सगळे हसले. मोठे डॉक्टर हसले नाहीत. ते परिषदेचा विचार करत असावेत. पण डॉक्टरबाईंचं हसू मध्येच थांबलं.

"काका, पण यंत्र काकूंच्या हातात कसं?"

मसुदेकरांनी आजवर हजारो पत्रांना उत्तरं दिली होती, पण या प्रश्नाला त्यांच्याकडे मसुदा नव्हता. त्यांनी डावा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. अंगठा थरथरत होता.

"माझा दादा याच आजाराने गेला," ते म्हणाले. "मला भीती वाटली, दुसरं काही नाही."

मुलगा उठून त्यांच्याजवळ आला. टाइपबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला चहाचा कप अर्धा का मिळतो, असं वाटलं तुम्हाला?"

"मला वाटलं, तू म्हातारपणी चिकट झालीस. मी याच्याकडे तक्रारसुद्धा केली."

"केलीच असणार," टाइपबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले. "सांडला असता तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. अर्धा अर्धा दोनदा देत होते ना?"

डॉक्टरबाईंनी मसुदेकरांना हात सरळ धरायला लावला, बोटं मिटायला-उघडायला लावली, कागदावर गोल गोल वेटोळं काढायला लावलं. त्यांनी काढलेलं वेटोळं जरा सुरकुतलेलं आलं. "इतक्यात काही सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "थरथर म्हणजे प्रत्येक वेळी तोच आजार असतो असं नाही. आता यंत्र तुम्ही घाला. प्रामाणिकपणे."

मग घरात विचित्र दिवस सुरू झाले. मसुदेकर डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवून, झोपलेलं तान्हं मूल सांभाळावं तसे बसून राहू लागले. बोलणं बंद झालं. हाताकडे बघायचं, नजर काढायची, पुन्हा बघायचं, एवढाच उद्योग. टाइपबाईंनी दोन दिवस तो सोसला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आपली खुर्ची ओढून त्यांच्या खुर्चीला लावून बसल्या.

"काहीतरी बोला ना. घर खायला उठलंय."

"काय बोलू?"

"मजकूर सांगा. कुठलाही."

मसुदेकर हलक्या आवाजात म्हणाले, "प्रिय दादा..."

टाइपबाईंची खुर्ची मसुदेकरांच्या खुर्चीला अगदी चिकटली होती. मधल्या दांड्यावर होता तो मसुदेकरांचा हात. टाइपबाईंची बोटं त्याच्यावर पडली.

"...तुझ्या आजारपणात मी येऊन बसायचो, पण तुझ्या हाताकडे बघायचं टाळायचो. तुला ते कळत असणार. मला माफ कर. मला आता फार भीती वाटते, दादा. पण घरी माणसं चांगली आहेत."

आयुष्यभर त्यांनी मजकूर सांगितला होता. तो उमटताना कसा लागतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. प्रत्येक अक्षर वेगळं लागत होतं. ओळ संपली की टाइपबाई त्यांचं मनगट धरून त्यांचा अख्खा हात उजवीकडे सरकवत, पुन्हा जागेवर आणून ठेवत आणि पुढच्या शब्दासाठी थांबत. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी एक पत्र जाऊ लागलं. दादाला झालं, रोखपालांना झालं, समोरच्या कार्यालयालाही 'आम्हास जे हवे होते ते मिळाले' असं उशिराचं उत्तर गेलं.

पंधरवड्याने डॉक्टरबाईंचा फोन आला. मसुदेकरांनी फोन कानाला लावला आणि टाइपबाईंनी त्याच फोनला पलीकडून आपला कान लावला.

"काका, चांगली बातमी आहे. थरथर आहे, पण ती तुमच्या भावाच्या आजारातली नाही. वयाबरोबर काहींना अशी येते. अधूनमधून दाखवत जा, एवढंच."

मसुदेकर खुर्चीत बसले. टाइपबाईंना बसायला जागा शोधावी लागली नाही, त्या त्यांच्याच खुर्चीच्या दांड्यावर बसल्या.

"पण काका, एक विचारू का? रागावू नका," डॉक्टरबाई जरा चाचरत म्हणाल्या. "रोज संध्याकाळी तासभर तीच ती ओळखीची नक्षी आली आहे. झटक्यासकट. यंत्र पुन्हा काकूंना दिलं होतं का?"

"नाही हो. शपथेवर सांगतो, यंत्र माझ्याच हातात होतं."

"मग?"

मसुदेकरांनी बायकोकडे पाहिलं. टाइपबाई लाजून खिडकीबाहेर बघू लागल्या होत्या.

"हात," मसुदेकर म्हणाले, "तेवढा वेळ हिच्याकडे होता."

पलीकडे डॉक्टरबाईंनी घसा साफ केला. "बरं. मग तेवढा भाग आम्ही अभ्यासातून गाळून टाकतो."

"गाळा, पण फेकू नका," मसुदेकर म्हणाले. "त्याची एक प्रत आम्हाला पाठवा."